इंचाचा हजारावा भाग

आमच्या साडूंना सुतारकामाचा नाद आहे, असं मी म्हणणार नाही. नादातून काहीतरी निपजावं लागतं. त्यांच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये लाकडाचं जे काही आहे ते एकतर बिल्डरने बसवलेलं आहे, नाहीतर मेव्हणीच्या माहेरून आलेलं. साडू घेतात तो निर्णय. म्हणजे घेत असतात. निवृत्तीचा निरोप समारंभ झाला त्याच आठवड्यात त्यांनी राउटर टेबल घ्यायचं ठरवलं आणि तेव्हापासून कोणतं घ्यायचं ते ठरवताहेत. मधल्या काळात लेकीचं लग्न ठरलं, झालं, ती बॉस्टनला गेली आणि नातू बोलायलाही लागला.

इंटरनेटचा डबा तो हा राउटर नव्हे. लाकडात खाच पाडणारं, कडा गोल करणारं, किनारीला नक्षी काढणारं हे यंत्र. हातात धरून फळीवर फिरवा, नाहीतर टेबलाखाली उलटं टांगून बिट, म्हणजे फिरणारं पातं, तेवढा वर काढा आणि फळीच त्याच्यावरून सरकवा. ती सरळ सरकावी म्हणून मागे उभी आडपट्टी असते, ती फेन्स. "एवढंच ना?" असं मी एकदा त्यांच्यासमोर म्हणून गेलो. त्या दिवशी मला घरी यायला रात्रीचे साडेअकरा वाजले.

साडूंची हयात चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये गेली. मिलिमीटर हे त्यांना ढोबळ माप वाटतं. पोळ्या आज जरा जाड झाल्या असं मेव्हणी म्हणाली, तर ते "किती?" असं विचारतात, आणि त्यात टोमणा नसतो.

पहिला घोळ टेबलाच्या पृष्ठभागाचा. एमडीएफ स्वस्त, पण राउटरच्या वजनाने मध्यभागी बाक धरतो आणि पावसाळी हवेत कडांनी फुगतो. ओतीव लोखंड बाक धरत नाही, थरथर पिऊन टाकतं. पण ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशिनशेजारी त्याला आषाढातच गंज चढणार. शिवाय ते बॉस्टनहून आणायचं तर जावयाने तेवीस किलोंच्या बॅगेत कपडे कुठे ठेवायचे? फिनॉलिक, म्हणजे रेझिनचा कडक तक्ता, छान, गुळगुळीत, गंजत नाही. "पण सपाट असेलच असं नाही," साडू म्हणाले, आणि एका दुकानातला नमुना त्यांनी भर उन्हात फूटपाथवर आणून पट्टी लावून आभाळाकडे धरला. पट्टीखालून उजेड दिसला. दुकानदाराने नंतर त्यांना चहा विचारला नाही.

मग मोटर, लिफ्ट आणि प्लेट यांची पत्रिका जुळवणं आलं. राउटर वर-खाली करणारी अमेरिकन लिफ्ट 4.2 इंच व्यासाच्या मोटरसाठी. त्या मापात पोर्टर-केबलची 7518, सव्वातीन हॉर्सपॉवर. लिफ्टची प्लेट सव्वानऊ बाय पावणेबारा इंच, तेवढंच भोक टेबलाला. सगळे गुण जुळले आणि व्होल्टेजमध्ये एकनाड निघाली. मोटर 120 व्होल्टची, आपली वीज 230. ट्रान्सफॉर्मर लावला तर तो ठेवायचा कुठे, म्हणून मेव्हणीने वॉशिंग मशिनवर हात ठेवून एक वाक्य उच्चारलं, ते इथे देत नाही. ब्रिटनमध्ये 230 व्होल्टवर चालणारा ट्रायटनचा राउटर मिळतो आणि त्याची उंची टेबलावरूनच बदलता येते, लिफ्ट लागतच नाही, हे साडूंच्याच ध्यानात आलं. मी म्हटलं, "सुटलात की!" ते हिरमुसून म्हणाले, "साडूभाई, मग लिफ्टचा एवढा अभ्यास केला त्याचं काय?"

ज्ञान मात्र पक्कं आहे, त्यात खोट काढता येणार नाही. तीन इंची बिट बावीस हजार फेऱ्यांनी फिरवला तर त्याची धार ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जाते, म्हणून मोठ्या बिटला वेग निम्म्यावर आणायचा, हे त्यांनी मला रिक्षात समजावलं. रिक्षावाल्याने तेव्हापासून वेग कमी ठेवला. टेबलावर फळी उजवीकडून डावीकडे, बिटच्या फिरण्याविरुद्ध ढकलायची, आणि बिट व फेन्स यांच्या मधून कधीही घालायची नाही, हे त्यांनी पुतण्याच्या लग्नात जेवणाच्या टेबलावर दाखवलं. मठ्ठ्याचा ग्लास हा बिट, जिलबीचं ताट ही फेन्स. "आता मूर्ख माणूस काय करतो, तर मधून घालतो," असं म्हणून त्यांनी एक पुरी त्या फटीत घातली आणि ग्लासाला झटक्यात पीळ दिला. पुरी विहीणबाईंच्या पैठणीवर गेली, मठ्ठा वाढप्याच्या पायावर. "बघितलंत?" साडू विजयी स्वरात म्हणाले. "लाकूड असतं तर भिंतीत घुसलं असतं."

पण खरी गंमत फेन्सची. करवतीच्या टेबलावर फेन्स पात्याला तंतोतंत समांतर लागते, नाहीतर लाकूड अडकून अंगावर येतं. राउटरचा बिट गोल. गोलाला समांतर काय असणार? फेन्सचं एक टोक पक्कं करून दुसरं हवं तेवढं सरकवा, काम तेच होतं. एक सरळ पट्टी आणि दोन सी-क्लॅम्प पुरतात. हे मला कुणी सांगितलं? साडूंनीच.

"मग घ्या की पट्टी!"

"सरळ आहे हे कशावरून?"

"दुसरी लावून बघा."

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. दोन पट्ट्या एकमेकींना चपखल बसल्या तरी एक फुगीर आणि दुसरी तेवढीच पोकळ असू शकते. खात्री करायला तीन लागतात, आलटून पालटून. त्या तीन पट्ट्या साडूंनी घेतल्या. आजवरची ही एकमेव खरेदी. त्या दिवाणात शालींत गुंडाळून आहेत.

मन मात्र इन्क्रा नावाच्या कंपनीच्या फेन्सवर जडलेलं. ती इंचाच्या हजाराव्या भागाने सरकवता येते, म्हणजे मिलिमीटरच्या चाळिसाव्या. फूटभर रुंद सागाची फळी पावसाळ्यात मिलिमीटरभर सहज फुगते, हे मी कुठेतरी वाचलेलं त्यांच्या तोंडावर फेकलं. ते मनापासून आनंदले. "म्हणूनच तर! लाकडाचा भरवसा नाही, निदान फेन्सचा तरी असू दे."

गेल्या दिवाळीआधी त्यांच्याकडे स्वयंपाकघराचं काम निघालं. मिस्त्री सांगलीकडचा, कसबी माणूस, ट्रिमर, म्हणजे छोटा राउटर, हातात धरून लॅमिनेटची कड अशी मारायचा की बोट फिरवत राहावं. मला वाटलं, आता साडूंचा गर्व उतरणार. पहिले दोन दिवस ते नुसते बघत उभे राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी नम्रपणे विचारलं, "मिस्त्री, तुमचा गुण्या तपासलाय का कधी?" रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच रेघेवर पुन्हा मारा. मिस्त्रीने मारली. दोन रेघांमध्ये केसाएवढी फट राहिली.

त्या फटीतून माणूस गेला तो गेलाच. चौथ्या दिवशी तो कड मारून खाली वाकून बघायला लागला. पुढे चहाच्या सुट्टीत दोघं ड्राय बाल्कनीत दार लावून बसत आणि आतून "आउटफीडची बाजू अर्धा मिलिमीटर पुढे घेतली तर" वगैरे ऐकू येई. ट्रॉल्या संक्रांतीला लागल्या. मेव्हणीने दिवाळीचा फराळ बेडरूममध्ये इंडक्शनवर केला.

तत्पूर्वी, मिस्त्रीचं काम बघून, मी त्याचा नंबर ऑफिसातल्या एका मित्राला दिला होता. मित्राचं वाकडला नवीन घर, मार्चमध्ये वास्तुशांत ठरलेली. परवा त्याचा फोन आला. घरात चार कपाटं सांगाडा होऊन उभी आहेत, दारं नाहीत. मिस्त्री म्हणतो, हातातल्या ट्रिमरवर आता विश्वास राहिला नाही, टेबल आल्याशिवाय कडा मारणार नाही. आणि रोज दुपारी कोथरूडच्या कुठल्या तरी काकांना फोन लावून तासभर फिनॉलिक-फिनॉलिक करतो. "कोण रे हा काका? तुझ्या ओळखीतला आहे का?"

मी म्हटलं, कोथरूडला माझं फारसं जाणं होत नाही.