अर्धशिशी सांभाळण्याची शास्त्रोक्त रीत (मुकादमाच्या परवानगीने)

अर्धशिशी सांभाळणं अगदी सोपं आहे. रोज ठरल्या वेळी झोपावं, ठरल्या वेळी उठावं, जेवण चुकवू नये, उन्हात राबू नये, पाणी भरपूर प्यावं आणि ठणका सुरू झाला की शांत, अंधाऱ्या खोलीत पडून राहावं. जगभरचे मेंदूविकारतज्ज्ञ हेच सांगतात आणि त्यात खोट काढण्यासारखं काही नाही. अर्धशिशीच्या मेंदूला बदल सोसत नाही. झोप कमी झाली तरी तो बिथरतो, जास्त झाली तरी बिथरतो. बीड तालुक्यातल्या लिंबागणेशला मात्र या रीतीची थोडी पूर्वतयारी करावी लागते. बालाघाटाच्या डोंगरातलं हे गाव भालचंद्र गणपतीचं. शापातून सुटायला चंद्रानं इथं तप केलं आणि गणपतीनं त्याला कपाळी घेतलं, अशी कथा आहे. कपाळाची दुखणी या क्षेत्राला नवी नसावीत. पण दसरा-दिवाळी उरकली की या भागातल्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात आणि पहिलीच पायरी अडते : अंधारी खोली मिळवणे. कोपीला, म्हणजे टोळीच्या झोपडीला, खोली म्हणायचं ठरवलं तर ती आहे. अंधारही आहे, पण तो रात्रीचा, आणि रात्री-अपरात्री गाडी भरायला उठायचं असतं.

दुसरी पायरी डोक्याला आराम देण्याची. अर्धशिशीच्या झटक्यात पुष्कळांची टाळूच हुळहुळी होते. कंगवा फिरवला तरी दुखतं, केस बांधलेले सोसत नाहीत. यावर उसाच्या फडात चुंबळीची सोय आहे. फडक्याची वळकटी करून ती नेमकी त्याच टाळूवर ठेवायची, वर उसाची मोळी घ्यायची आणि फळीवरून तोल सांभाळत ट्रॉलीत चढायचं. प्रकाश, आवाज आणि हालचाल या तिन्ही गोष्टींनी ठणका वाढतो, असं वैद्यकशास्त्र सांगतं. फडात या तिन्ही एकाच जागी, वेगळा खर्च न करता मिळतात.

इथं कुणी म्हणेल, मायग्रेन हे शहरातल्या वातानुकूलित कचेऱ्यांचं दुखणं. कष्टाच्या माणसाला कसली अर्धशिशी? समजूत जुनी आहे, पण आकडे तिच्या बाजूनं नाहीत. शेजारच्या कर्नाटकात बंगळूरच्या निम्हान्सच्या संशोधकांनी घरोघर जाऊन पाहणी केली, तेव्हा वर्षभरात मायग्रेन झालेल्यांचं प्रमाण सुमारे २५ टक्के निघालं. बायकांत पुरुषांपेक्षा जास्त आणि खेड्यात शहरापेक्षा जास्त. महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस डोकं दुखत असेल, त्यातले निदान ८ दिवस मायग्रेनच्या लक्षणांचे असतील आणि हे ३ महिन्यांहून जास्त चाललं असेल, तर त्याला जुनाट मायग्रेन म्हणतात. ठणका एकटा येत नाही. आधी जांभया आणि आखडलेली मान, नंतर एखाद-दुसरा दिवस डोक्यात धुकं : शब्द आठवत नाही, मोजलेल्या मोळ्या पुन्हा मोजाव्या लागतात, हिशेबाच्या वेळी टोळीचा मुकादम सांगेल तो आकडा खरा वाटतो. महिन्याचे निम्मे दिवस ठणक्याचे असतील तर हे आधीचे-नंतरचे दिवस धरून स्वच्छ डोक्याचे किती उरले, ते ज्यानं-त्यानं मोजावं; मोजता आले तर.

तिसरी पायरी गोळीची, आणि ती सगळ्यांना तोंडपाठ आहे. मेडिकलवर जायचं, ‘डोक्याची’ मागायची, चहाबरोबर घ्यायची. अडचण एवढीच की साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ दिवस, किंवा दोन-तीन औषधांचं मिश्रण असलेल्या गोळ्या १० दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त घेत राहिलं, तर गोळीच डोकं दुखवू लागते. म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयात ठणक्याच्या दिवशी फुली आणि गोळीच्या दिवशी टिंब करावं. डॉक्टरला तोंडी कैफियतीपेक्षा त्या फुल्या जास्त सांगतात. पहाटे दूध-जिलबी खाण्याचा घरगुती उपाय हसण्यावारी नेऊ नये. दिवस उपाशीपोटी सुरू करू नये, एवढं शहाणपण त्यात आहे. झटके वरचेवर येत असतील तर ते येऊच नयेत म्हणून रोज घ्यायची प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिनसारखी जुनी, स्वस्त औषधं आहेत. ती डॉक्टरच्या सल्ल्यानंच. दमेकऱ्याला पहिलं चालत नाही. दुसऱ्यानं सकाळी गुंगी राहते, आणि फडात सकाळ पहाटे चारला होते. टोपिरामेट हे तिसरं, त्यानं काहींना शब्दच आठवेनासे होतात, म्हणजे धुक्यावर धुकं. शिवाय गरोदरपणात ते बाळाला अपायकारक.

परिस्थितीला दोष देत बसलं तर रोग्यानं करायचं काय, हा आक्षेप रास्त आहे. फुल्या मारणं, गोळ्या मोजणं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन नेमकं बोलणं त्याच्या हाती आहे. झोपेची, जेवणाची, उन्हाची वेळ त्याच्या हाती नाही. ती आगाऊ उचल देणाऱ्या मुकादमाच्या हाती आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक बसला की कोयता बसला, आणि कामाच्या प्रत्येक खाड्याला पैसे कापले जातात. खाडा टाळण्याची एक पद्धत या जिल्ह्यानं पाहिली आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीपुढे आलेल्या पाहणीत बीडच्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळी नको, खाडा नको. पिशवीबरोबर बीजकोशही गेले असतील तर संप्रेरकं एकदम घसरतात आणि अर्धशिशी बळावू शकते, हे वर. डोक्याच्या बाबतीत असा कायमचा इलाज अजून निघालेला नाही, त्यामुळे तूर्त दुसरा मार्ग शोधणं भाग आहे.

तो मार्ग म्हणून या मार्गदर्शनाची शेवटची सूचना मुकादमासाठी. उचलीचा व्यवहार ठरताना महिन्याला दोन दिवस आजारपणाचे, बिनखाड्याचे, लिहून घ्यावेत. फडाच्या कडेला ताडपत्रीची सावली करावी आणि पाण्याचा ड्रम ठेवावा. कारखाना बुडेल अशी भीती असेल तर दुसरा हिशेब करून पाहावा : डोक्यात धुकं असलेल्या माणसाच्या हातचा कोयता उसाऐवजी नडगीवर बसला, तर किती दिवसांचा खाडा पडतो आणि तो कोणाच्या खात्यात लिहायचा?