पाच युरोत अख्खं गाव

२५ एप्रिल २०२४पासून व्हेनिसनं गावात शिरायलाच तिकीट लावलं. दिवसभरासाठी येणाऱ्याला पाच युरो. ठरावीक दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चार. चारनंतर या, फुकट! गर्दीसुद्धा कचेरीची वेळ पाळते, हा पालिकेचा विश्वास हेवा वाटावा असा. पुढच्याच वर्षी ऐनवेळी येणाऱ्याला दर दुप्पट झाला. गर्दी आहे तिथेच आहे, गल्ला तेवढा भरला.

रहिवाशांना तिकीट माफ. भाच्यालाही माफ; फक्त मामाच्या गावाला जायचं तर आधी ऑनलाइन नोंद करून माफीचा कोड काढायचा. पहिल्याच दिवशी व्हेनिसकर निषेधाला रस्त्यावर उतरले, यात नवल ते काय?

पण मामा तरी उरलेत किती? रियाल्टो पुलाजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेत लोकसंख्येचा आकडा झळकत असतो. १९५१मध्ये जुन्या शहरात पावणेदोन लाख माणसं होती; २०२२मध्ये आकडा पन्नास हजारांच्या खाली घसरला. दुकान औषधाचं, पण या दुखण्यावर गोळी तिथेही मिळत नाही.

पुलाला लागूनच जर्मन व्यापाऱ्यांची सोळाव्या शतकातली वखार आहे, फोन्दाको देई तेदेस्की. विसाव्या शतकात तिथे शहराचं मुख्य पोस्ट होतं. २०१६मध्ये त्याच जागी उंची पर्सा-घड्याळांचा मॉल थाटला गेला. गच्चीवरून कालवा बघायला रीघ, धंदा मात्र जमेना. २०२५मध्ये मॉलनंही गाशा गुंडाळला. पोस्ट गेलं ते गेलंच.

व्हेनिसकराला घराबाहेर काढतं कोण? अर्ध्या दिवसात सेल्फी काढून जाणारा पाहुणा नव्हे. वर्षाच्या भाडेकरूपेक्षा दर दोन रात्रींनी बदलणारं गिऱ्हाईक ज्याला परवडतं, तो घरमालक. अशा घरांना लगाम घालायचा अधिकार संसदेनं व्हेनिसला २०२२मध्येच देऊन ठेवलाय. पण तिकिटं फाडायची जी घाई, ती तिथे दिसली नाही. घरमालक मतदार असतो, पाहुणा नसतो.

आपल्या मंडळींना घरांच्या या दुखण्याची झळ नाही. दहा दिवसांत पाच देश ‘करणाऱ्या’ सहलीत व्हेनिस दुपारच्या जेवणाआधी उरकतं. इथे कुणी राहतं का, हा प्रश्न आपल्याला पडायला वेळ नसतो. पालिकेकडे वेळ आहे, तिला तो पडत नाही.