‘मिटवून टाकू’वाले सर

सरांनी आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाही. प्राचार्यांना नाही, पाहुण्यारावळ्यांना नाही, वर्गणी मागायला येणाऱ्या मंडळांना तर नाहीच नाही. असा माणूस एखाद्या पतसंस्थेचा चेअरमन झाला असता तर संस्था दोन वर्षांत बुडाली असती, आणि निदान ठेवीदारांना कळलं तरी असतं. सर एका शोधनियतकालिकाचे मुख्य संपादक झाले. ते बुडालं की नाही हे कळायला काही मार्गच नसतो.

नगरला, म्हणजे आता अहिल्यानगरला, सावेडीत प्रोफेसर कॉलनी चौकातून आत वळलात की असे सर कुठे ना कुठे भेटतात. पुढच्या गाळ्यात झेरॉक्स आणि डीटीपी, आतल्या खोलीत संपादकीय कार्यालय. नियतकालिकाच्या नावात ‘इंटरनॅशनल’ आहे, ‘मल्टिडिसिप्लिनरी’ आहे, ‘रिसर्च’ आहे. नाव एवढं लांब की लेटरहेडवर पत्त्याला जागा उरली नाही. भिंतीवर आयएसएसएन क्रमांक मिळाल्याचं दिल्लीचं पत्र फ्रेममध्ये. वास्तविक हा क्रमांक फुकट मिळतो आणि त्याचा अर्थ ‘या नावाचं नियतकालिक निघतं’ एवढाच. आत काय छापतात याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पण सर दसऱ्याला त्या फ्रेमला झेंडूचा हार घालतात, आणि भेटायला आलेला होतकरू संशोधक चप्पल बाहेर काढून आत येतो.

सर पैशासाठी या धंद्यात आले असं कुणी म्हटलं तर मी त्याच्याशी भांडेन. सर दयेपोटी आले. 2010 पर्यंत आमच्याकडचे प्राध्यापक शिकवत, पेपर तपासत, सुट्टीत शेती बघत. त्या वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने एपीआय नावाची गुणपद्धत आणली. शोधनिबंधाला गुण, परिसंवादाला गुण, पुस्तकाला गुण. गुण भरले तर स्थाननिश्चिती, नाहीतर आहे त्या वेतनश्रेणीत कुजा. अकोल्यापासून जामखेडपर्यंत एकच प्रश्न उभा राहिला : छापायचं कुठे? एके संध्याकाळी एक गृहस्थ सरांकडे आले. मुलाखत आठ दिवसांवर, हातात फाइल, डोळ्यांत पाणी. सर विरघळले. पुढच्या झेरॉक्सवाल्याला हाक मारून म्हणाले, ‘एक अंक काढू.’ पहिल्या अंकात एक निबंध होता. दुसऱ्यात चाळीस. फी पंधराशे, त्यात प्रमाणपत्र आणि एक प्रत, अडलेल्याला बाराशे, नात्यातल्याला फक्त कुरियरचा खर्च.

परीक्षणाची व्यवस्थाही तितकीच माणुसकीची. सकाळी आलेला निबंध तज्ज्ञांकडे जातो आणि दुपारच्या जेवणाआधी ‘अतिशय मौलिक’ असा शेरा घेऊन परत येतो. तज्ज्ञ तिघे. त्यातले एक चार वर्षांपूर्वी वारले, पण यादीतून नाव काढणं सरांच्या जिवावर आलं. ‘त्यांच्या घरच्यांना काय वाटेल?’ दिवंगत तज्ज्ञांचे शेरे अजूनही वेळेवर येतात. उलट हयात दोघांना फोन करावे लागतात.

लेखकांच्या नावांबाबतही सर कुणाला दुखवत नाहीत. कल्पना एकाची, लेखन दुसऱ्याचं, टंकलेखन तिसऱ्याचं आणि गाडी चौथ्याची असेल, तर चौघंही लेखक. गाईड पहिला, प्राचार्य दुसरे. ज्याने काम केलं तो शेवटी, ‘व इतर’मध्ये. याच जिल्ह्यात नेवाशाला 1290 साली ज्ञानेश्वरी झाली, त्या ग्रंथाच्या शेवटी सच्चिदानंदबाबांची नोंद आहे. काय म्हणून? लिहून घेणारे म्हणून. तेवढंच, त्यापुढे एक अक्षर नाही. सर तेव्हा असते तर निवृत्तिनाथ गाईड म्हणून पहिले, सच्चिदानंदबाबा टंकलेखनाबद्दल दुसरे, मंदिराचे विश्वस्त तिसरे, आणि ज्ञानदेव वयाने लहान म्हणून चौथे गेले असते. पुढे 1584 मध्ये एकनाथांनी त्याच ग्रंथाची पाठशुद्धी केली, मध्ये घुसलेलं झाडून काढलं आणि यात कुणी पदरची ओवी घालू नये असं बजावून ठेवलं. गोदाकाठी संपादकाने नाही म्हटल्याचं ते उदाहरण मी सरांना ऐकवलं. सर गहिवरले. ‘यावर एक निबंध द्या ना,’ म्हणाले.

सरांच्या आयुष्यातला सुवर्णकाळ 2017. आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी जाहीर केली. विद्यापीठांनी नावं सुचवायची होती. सरांचं नाव कुणीतरी सुचवलं, कारण तोवर जिल्ह्यात सरांचे उपकार नसलेला प्राध्यापक उरला नव्हता. पेढे वाटले. पुढच्या वर्षी पुण्याच्या भूषण पटवर्धनांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांनी सुचवलेल्या यादीतली 1009 नियतकालिकं तपासून ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं की शंभरातली अठ्ठ्याऐंशी सुमार दर्जाची दिसतात. सर शांतपणे म्हणाले, ‘उरलेल्या बारांत आपण आहोत.’ मे 2018 मध्ये आयोगाने 4,305 नावं एका फटक्यात काढली, त्यात सरही गेले. ऐनवेळी तिकीट कापलेल्या उमेदवाराचा चेहरा घेऊन सर महिनाभर वावरले. मग ‘यूजीसी-केअर’ आली. तिचा कक्ष पुण्यात, आमच्याच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात. म्हणजे घरच्याच माणसांनी केलेला घात. त्या काळात नामांकित नियतकालिकांच्या नावाने हुबेहूब नकली संकेतस्थळं काढून फी उकळणारेही निघाले. त्या वाटेला सर गेले नाहीत, हे त्यांच्या खात्यावर जमा धरलं पाहिजे. दुसऱ्याचं नाव वापरायची त्यांना लाज वाटली. फेब्रुवारी 2025 मध्ये केअर यादीच बंद झाली आणि नियतकालिकं पारखायचं काम संस्थांवर आलं, तेव्हा सरांनी पुन्हा पेढे वाटले. आता कॉलेजं आपापल्या समित्या नेमतात. समितीला बाहेरचा तज्ज्ञ लागतो. सर जातात.

तर हे सगळं ठीक चाललं होतं. पण पाथर्डीकडची एक मुलगी मध्ये आली.

मुलगी म्हणजे मॅडम. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या. त्यांच्या वाडीतली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्यांची आजीही कोयता घेऊन जायची. मॅडम घरोघर हिंडल्या, कोणी मुकादमाकडून किती उचल घेतली, किती फिटली, मुलांची शाळा किती महिने बुडाली, याचे तक्ते केले आणि निबंध सरांकडे दिला. डीटीपीवाल्या पोराने एका तक्त्याच्या मथळ्यात ‘उचल’चं ‘उचकी’ केलं. छापून आलं : ‘मुकादमाकडून घेतलेली उचकी (रुपयांत)’. मॅडमनी ते हसून सोडून दिलं.

पुढच्या वर्षीच्या अंकात दुसऱ्या तालुक्यातल्या एका कायम प्राध्यापकांचा निबंध आला. शीर्षकात पाथर्डीच्या जागी शेवगाव. आत तेच तक्ते, तेच आकडे, आणि तीच उचकी, रुपयांसकट. शेवटी ऋणनिर्देशात ‘ऊसतोडीचे अनुभव सांगणाऱ्या माझ्या आजीचे आभार’ हेही तसंच. वास्तविक त्या प्राध्यापकांच्या आजी पेन्शनर शिक्षिका.

मॅडम दोन्ही अंक घेऊन सावेडीत आल्या. मी तिथे झेरॉक्सच्या रांगेत होतो.

‘सर, हा निबंध माझा आहे.’

‘आहेच की मॅडम! म्हणून तर इतका चांगला आहे.’

‘पण नाव त्यांचं आहे.’

‘हां, ती त्यांची अडचण आहे. जूनमध्ये त्यांची प्लेसमेंट आहे.’

सरांनी लगेच वाङ्मयचौर्य तपासणीचा अहवाल काढून दाखवला : साम्य शून्य टक्के. यातली गंमत या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं मराठी त्या सॉफ्टवेअरला मराठी म्हणून दिसतच नाही, रोमन अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. त्या कचऱ्यासारखा कचरा जगात दुसरीकडे सापडत नाही, म्हणून निबंध संपूर्ण मौलिक. ‘आणि समजा थोडं साम्य निघालंच,’ सर म्हणाले, ‘तर आयोगाने 2018 च्या नियमांत दहा टक्के माफच केलंय. पुढचं आपण समजून घ्यायचं.’

अशा भानगडींत काय करावं, याची रीत जगात ठरलेली आहे. 1997 साली इंग्लंडातल्या वैद्यकीय नियतकालिकांच्या काही संपादकांनी मिळून प्रकाशननीतीची एक समिती काढली. तिचे तक्ते कुणालाही बघता येतात. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून ताडून पाहा, लेखकाला लेखी विचारा, उत्तर पटलं नाही तर त्याच्या संस्थेला कळवा, निबंध मागे घेतल्याचं जाहीर छापा, आणि ज्याने तक्रार केली त्याला काय झालं ते सांगा. सरांच्या तक्त्यात एकच चौकोन आहे : चहा मागवा.

चहा आला. ‘आपण मिटवून टाकू,’ सर म्हणाले. आधी त्यांनी मॅडमना त्या निबंधाच्या सहलेखिका करून शुद्धिपत्र काढायची तयारी दाखवली. मॅडम म्हणाल्या, माझ्याच निबंधाची मी दुसरी लेखिका? मग सर म्हणाले, तुमचा मूळ निबंध पुढच्या अंकात पुन्हा छापू, फी नको, उचकी काढून. नको. आदर्श संशोधक पुरस्कार? शाल, श्रीफळ, जेवण. तेही नको.

‘मग काय करू सांगा!’ सर कळवळून म्हणाले. खरंच कळवळून. समोरचा माणूस खूश होत नाही हे त्यांना सोसतच नाही.

‘त्यांचा निबंध मागे घ्या. तसं छापा.’

सर पहिल्यांदाच गप्प झाले. मग म्हणाले, ‘मॅडम, छापलेलं मागे कसं घ्यायचं? लग्न लागल्यावर अक्षता परत मागतं का कोणी?’

‘नवरा दुसरीचा निघाला तर मागतात, सर.’

झेरॉक्सवाला हसला, आणि मशीनमध्ये कागद अडकला.

सरांनी नाही म्हटलं नाही. हो म्हणायचं तर दुसऱ्या सरांना नाही म्हणावं लागणार. अशा पेचातून सर ज्या वाटेने नेहमी बाहेर पडतात त्याच वाटेने ते पडले : समोरच्याला पद दिलं. नियतकालिकाची नीतिमत्ता समिती तिथल्या तिथे स्थापन झाली आणि मॅडम तिच्या अध्यक्षा. प्रमाणपत्र पुढच्या गाळ्यात पाच मिनिटांत तयार. मला वाटलं, आता मॅडम ते प्रमाणपत्र फाडणार. त्यांनी ते नीट घडी करून पर्समध्ये ठेवलं.

आठ दिवसांनी अध्यक्षांचा पहिला अहवाल आला. सोळा पानं, युनिकोडमध्ये. डाव्या रकान्यात आपला मजकूर, उजव्या रकान्यात त्यांचा; उचकीला खाली रेघ. दोन आज्यांची तुलना. वारल्यानंतर आलेल्या शेऱ्यांची तारीखवार यादी. शून्य टक्क्यांचं रहस्य. शेवटी मुख्य संपादकांची जबाबदारी नऊ मुद्द्यांत, आणि निबंध तात्काळ मागे घ्यावा अशी शिफारस.

सरांनी रात्रीत वाचून काढला आणि सकाळी सातला मॅडमना फोन केला. आवाज भरून आलेला. ‘मॅडम, काय मांडणी आहे! उद्दिष्टं आहेत, पद्धत आहे, तक्ते आहेत, निष्कर्ष आहेत. असं काम आपल्याकडे कोण करतं?’ मॅडम काही बोलायच्या आत सरांनी अंक छपाईला पाठवला होता.

अहवाल पान 41 ते 56 वर आहे. दिवंगत तज्ज्ञांनी त्याला ‘अतिशय मौलिक’ म्हटलंय. फी घेतली नाही. आणि दुसरा लेखक म्हणून सरांनी त्या दुसऱ्या तालुक्यातल्या प्राध्यापकांचं नाव घातलंय, कारण त्यांच्याशिवाय हे संशोधन झालंच नसतं.