स्टँडवरचे आप्पा

तालुक्याच्या प्रत्येक एसटी स्टँडवर एक माणूस असा असतो, की तो रोज येतो आणि कुठेच जात नाही. जामनेरच्या स्टँडवर ते आप्पा. सकाळी साडेआठला बाकावर आधी त्यांची पिशवी बसते, मग आप्पा बसतात. पिशवीत चष्म्याची डबी, भुईमुगाच्या शेंगा, कालचं वर्तमानपत्र आणि फुलस्केप आकाराची एक जाड वही. आजचं वर्तमानपत्र ते टपरीवरचं वाचतात. कालचं घरून आणतात ते पुरावा म्हणून. "काल काय बोललो होतो मी?" असं विचारायची वेळ दिवसातून दोनदा तरी येतेच.

आप्पा दोन गोष्टींची भाकितं करतात, शेअर बाजाराची आणि एसटीची. पहिलं भाकीत सहसा खरं ठरत नाही, दुसरं सहसा चुकत नाही. गावात त्यांचं नाव आहे ते पहिल्यामुळे.

आधी बाजार. आप्पा शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे त्यांचं बाजाराचं वाक्य भूमितीच्या प्रमेयासारखं 'जर'नं सुरू होतं. "जर निफ्टीचं चोवीस हजार टिकलं, आणि जर परदेशी लोकाईनं माल काढला नाही, तर मंगळवारपर्यंत वर. नाही टिकलं, तर मग म्हनू नका आप्पा बोलले नाही." या वाक्यातून बाजाराला निसटायला वाट नाही. आप्पांना चार आहेत. 'सपोर्ट', 'रेझिस्टन्स', 'करेक्शन' हे शब्द ते असे उच्चारतात, की पलीकडे केळीचं बोचकं घेऊन बसलेली म्हातारीसुद्धा मान डोलावते.

त्यांचे श्रोते म्हणजे टपरीवरची पोरं. कोणी आयटीआय झालेला, कोणी तिसऱ्यांदा पोलीस भरतीची तयारी करणारा, आणि सगळे मोबाइलवर 'कॉल' आणि 'पुट' खेळणारे. एक्स्पायरीच्या दिवशी टपरीवाल्याला कपांपेक्षा बशा जास्त धुवाव्या लागतात, कारण चहा निम्मा-निम्मा होतो. आप्पा मास्तर असल्यामुळे पोरांना सावध करणं हे आपलं कर्तव्य समजतात. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीनं आकडे दिले, की तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या सामान्य गुंतवणूकदारांपैकी शंभरातले ९३ जण तोट्यात गेले, आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींहून जास्त. आप्पांनी ही बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. टपरीवर त्या वेळी आठ पोरं होती. आठही जणांनी स्वतःला उरलेल्या सातांत धरलं.

आप्पांची खरी कसोटी लागली जून २०२४ मध्ये. ३ तारखेला मतदानोत्तर चाचण्यांच्या जोरावर सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी उसळला आणि आप्पांनी शेंगा वाटल्या. ४ तारखेला लोकसभेचे निकाल लागले, आणि तोच सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी आपटला. पोरं दुपारी बाकाभोवती गोळा झाली. दुसरा कोणी असता तर त्या दिवशी घरीच राहिला असता. आप्पांनी शांतपणे शेंग फोडली. "मी काय बोललो होतो? बाजार हालीन. हालला का नाही?"

एकट्या आप्पांना तरी काय बोलायचं? आल्फ्रेड कौल्स नावाच्या अमेरिकन गृहस्थानं, १९२९ च्या पडझडीत सगळे जाणते तोंडघशी पडल्यानंतर, भाकीतवाल्यांचे अंदाज जमवले आणि पत्ते पिसून काढलेल्या अंदाजांशी ताडून पाहिले. या मंडळींना बाजार कळतो हेच शंकास्पद आहे, असं त्यानं १९३३ मध्ये छापून टाकलं. मी हे आप्पांना सांगितलं. ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, "पत्ते पिसत कोण होतं?"

आता आप्पांचा सिद्धान्त. तो ऐकल्याशिवाय जामनेरचा माणूस स्टँडवरून सुटत नाही. शेअर बाजारात कोण श्रीमंत होणार हे कंपनीच्या ताळेबंदावरून ठरत नाही, रेल्वेच्या रुळांमधल्या अंतरावरून ठरतं, असं आप्पांचं म्हणणं. दाखला अमळनेरचा. १९४५ च्या डिसेंबरात मोहम्मद हाशम प्रेमजींनी तिथं 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही वनस्पती तुपाची कंपनी काढली. तीच पुढं विप्रो झाली. आजोबांनी घेतलेले शेअर ज्या घरांनी न विकता पेटीत ठेवले, त्यांच्याकडे बोनसवर बोनस मिळून असं काही झालं, की अमळनेरची गणना कोट्यधीशांच्या गावांत होऊ लागली. "कंपनी अमळनेरलेच का आली?" आप्पा विचारतात आणि उत्तराला जागा न ठेवता स्वतःच सांगतात, "सुरत-भुसावळ लाईन! ब्रॉडगेज! डबे भरले का चालले मुंबईले. आमच्याकडे काय? पी.जे.! अडीच फूट! अडीच फुटांतून कंपनी येईन का भो?"

पी.जे. म्हणजे पाचोरा-जामनेर, शंभराहून जास्त वर्षं चाललेली आमची छोटी गाडी. शेंदुर्णी, पहूर करत ती जामनेरला यायची, आणि तिला घाई कशी ती माहीत नव्हती. तिच्या खिडकीतून माणसाला शेतातल्या कपाशीवरची बोंडं मोजता यायची. पण तिकीट स्वस्त आणि जागा सगळ्यांना. ताकाच्या बरण्या, कोंबड्या, कॉलेजची पोरं, माहेराला निघालेल्या सासुरवाशिणी, सगळे एकाच डब्यात.

मी एकदा आप्पांना अडवायचा प्रयत्न केला. म्हटलं, भवरलाल जैन आपल्याच तालुक्यातल्या वाकोदचे. वाकोदला तर अडीच फुटांचीही लाईन नव्हती, तरी ठिबक सिंचनाचा एवढा मोठा उद्योग उभा राहिलाच ना? आप्पा या प्रश्नाची वाटच पाहत असावेत. "वाकोदचे, बरोबर. कारखाना कुठी काढला? जळगावले! जळगावले काय आहे? मेन लाईन!" आजूबाजूच्या तीन अनोळखी माणसांनी आप्पांची बाजू घेतली. मी शेंगा खाल्ल्या.

मार्च २०२० नं तर त्यांना आयता पुरावाच दिला. टाळेबंदीत पी.जे. थांबली ती थांबलीच. त्याच सुमारास, २३ मार्चला, सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी कोसळला. यातली एक घटना दुसरीमुळे घडली असं आप्पा उघड म्हणत नाहीत. फक्त दोन्ही तारखा लागोपाठ सांगून थांबतात. पण पुढचं ते जे सांगतात त्यावर मला आजवर उत्तर सुचलेलं नाही. सेन्सेक्स जानेवारी २०२१ मध्ये पन्नास हजारांना शिवून आला. त्याला उठायला वर्षही लागलं नाही. शेंदुर्णीला जाणाऱ्या एखाद्या बाईची गाडी, ती पी.जे., मात्र उठली नाही. "बाजार पडला तं सगळे धावतात भो," आप्पा म्हणतात. "गाडी पडली तं बाई उभी राहते."

एवढं सगळं सांगणाऱ्या आप्पांकडे शेअर किती? जळगाव जिल्ह्यातल्या पतसंस्थांची पडझड झाली तेव्हा त्यांची ठेव एका पतसंस्थेत अडकली होती. तेव्हापासून ते पैसा पोस्टात ठेवतात आणि बुद्धी बाजारात. शिवाय त्यांच्या मते भारतात खात्रीचा शेअर एकच आहे, तो म्हणजे वय. पासष्टला एसटीचं तिकीट अर्धं, पंच्याहत्तरला फुकट. परतावा ठरलेला, तारीख ठरलेली, सेबीची गरज नाही. आप्पा आज बासष्ट वर्षांचे आहेत. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, वडील नव्वदीचे म्हणून फुकट. कुटुंब लग्नाला निघालं की पूर्ण तिकीट एकट्या आप्पांचं. "पूर्ण घर सवलतीत आहे," ते म्हणतात, "मीच तेवढा ओपन क्याटेगरी."

आता एसटी. इथं आप्पा वेगळाच माणूस होतात. आवाज खाली येतो, 'जर' नाहीसा होतो. फलाटावर धावपळ करणाऱ्या माणसाला ते नुसतं बसल्याजागी सांगतात, "फत्तेपूरची ना? वीस मिनिटं आहेत. अठी उभे नका राहू, दार तिकडं लागीन." आणि दार तिकडंच लागतं. ही विद्या त्यांनी कमावलेली आहे. आषाढीला गाड्या पंढरपूरला जाणार, म्हणजे त्या आठवड्यात कोणत्या फेऱ्यांवर गदा येणार हे त्यांना पालखी निघायच्या आधी कळतं. लगीनसराईत वऱ्हाडं प्रासंगिक करारावर गाड्या नेतात, त्यामुळे ते पंचांगातल्या मुहूर्तांवर खुणा करून ठेवतात. निवडणूक आली की मतदान यंत्रं आणि कर्मचारी न्यायला गाड्या लागतात, म्हणजे आदल्या दिवशी शाळेच्या पोरांनी काय करायचं तेही आप्पांना ठाऊक. विद्यापीठात या सगळ्याला मॉडेल म्हणतात. स्टँडवर त्याला "आप्पाले विचार" म्हणतात आणि कोणी उपकारही मानत नाही. निफ्टी चुकीचा सांगणाऱ्या माणसाला टपरीवर फुकट चहा असतो, गाडी बरोबर सांगणाऱ्याला नसतो. आप्पांना चहा मिळतो तो निफ्टीच्या खात्यावर.

वहीत काय आहे, हे मी बरेच दिवस विचारलं नव्हतं. मला वाटायचं, बाजाराचे आलेख असतील. एके दिवशी त्यांनी स्वतःच उघडली. लाल पेनानं आखलेले पाच रकाने होते. वेळ, गाव, कोण, किती वेळ उभं, आणि शेवटी कशानं गेलं. शेवटच्या रकान्यात एकेक अक्षर. 'ए' म्हणजे एसटी, 'का' म्हणजे काळीपिवळी, 'मो' म्हणजे कोणाच्या तरी मोटारसायकलवर, 'पा' म्हणजे पायी. आणि 'रा'. रा म्हणजे राहिली, गावाकडे गेलीच नाही, इथंच कोणा नातेवाइकाकडे थांबली. मी पान उलटलं. एका ओळीत होतं: '५.१०, तांडा, नववीची मुलगी, दप्तर, १ तास ३५ मि., मो.' त्या 'मो'पुढं लाल शाईत लिहिलं होतं, 'कोणाच्या?' खाली दुसऱ्या दिवशीच्या तारखेनं निळ्या शाईत उत्तर: 'काकाच्या. विचारून घेतलं.'

"पास फुकट आहे तिचा," आप्पा म्हणाले. अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेत शाळकरी मुलींना पास फुकट असतो, ते मलाही माहीत होतं. "बायकाईले अर्धं तिकीट, म्हाताऱ्याईले फुकट. चांगलीच गोष्ट आहे. पण ते गाडीत बसल्यावर. ज्या गावाले गाडी दिवसातून एकदा, तिथं अर्धं म्हणजे कशाचं अर्धं? शून्याचं अर्धं किती रे?" मास्तर असल्यामुळे त्यांनी माझ्या उत्तराची खरंच वाट पाहिली. मला 'शून्य' म्हणावं लागलं.

अमळनेरचंही हेच, असं ते म्हणतात. बोनस मिळाला तो ज्याच्याकडे आधी शेअर होता त्याला. सवलत मिळते ती ज्याच्या गावाला आधी गाडी आहे त्याला.

माणसांत संपत्ती किती विषम वाटली गेली हे दाखवायला माक्स लोरेन्झ नावाच्या अमेरिकनानं १९०५ मध्ये एक वक्ररेषा काढली. तीच रेषा पुढं बस-ट्रामच्या फेऱ्यांनाही लावण्यात आली. मेलबर्न शहरात २०११ मध्ये अशी मोजणी झाली, तेव्हा निघालं की सत्तर टक्के लोकांच्या वाट्याला सार्वजनिक वाहतुकीतला १९ टक्केच हिस्सा येतो. आप्पांना मी हे कागदावर काढून दाखवलं. मेलबर्न त्यांना ठाऊक होतं ते क्रिकेटच्या मैदानामुळे. त्यांनी रेषा निरखली, माझ्या हातचं पेन घेतलं आणि ती आणखी खाली ओढली. "ही आपली," म्हणाले. "तांडे धरून."

वहीचा गोषवारा त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून एका कार्यालयात दिला होता. पोच मिळाली. पोच वहीतच टाचून ठेवली आहे, तिच्यावरचा गोल शिक्का अगदी स्पष्ट उमटलेला आहे, आणि आप्पांना त्या शिक्क्याचं मनापासून कौतुक आहे. वाचक मात्र वहीला मिळाला नव्हता.

तो मिळाला पी.जे.मुळे. पाचोरा-जामनेर ब्रॉडगेज करून पुढं बोदवडपर्यंत न्यायचं ठरलं, आणि स्टँडवर पांढऱ्या बुटांची वर्दळ वाढली. त्यातला एक प्लॉटचा एजंट आप्पांशेजारी बसला तो वेळ घालवायला. सहज वही चाळली आणि त्याचे डोळे मोठे झाले. कोणत्या गावची किती माणसं रोज गाडीची वाट पाहतात, वारानुसार, ऋतूनुसार, सहा वर्षांचं! जिथं माणसं जास्त उभी, तिथं स्टेशन. जिथं स्टेशन, तिथं भाव. "आप्पा, हा तर सगळा डेटा आहे!" तो म्हणाला, आणि वही घेऊन समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पळाला.

तासाभरानं गठ्ठा घेऊन आला. आप्पांनी चष्मा लावून पहिलं पान पाहिलं.

"अरे भो, शेवटचा रकाना नाही आला यात."

"कागद ए-फोर होता, आप्पा. तेवढं कटलं. राहू द्या, तो नाही लागत मले. माणसं कुठली ते समजलं, बस झालं." एजंट जवळ सरकला. "फक्त एक सांगा. स्टेशन नेमकं कुठी पडीन?"

मी आप्पांकडे पाहिलं. रेल्वे आणि एसटीच्या बाबतीत या माणसानं कधी आडपडदा ठेवलेला मी पाहिला नव्हता. आप्पांनी वही पिशवीत ठेवली, एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि आवाज एकदम वर चढवला.

"जर पहूरच्या अलीकडचा सपोर्ट टिकला," ते म्हणाले, "आणि जर परदेशी लोकाईनं माल काढला नाही…"

एजंटानं खिशातून पेन काढलं.