गोष्ट अर्ध्यावर सोडणारा माणूस

टीव्हीपुढून उठा आणि पुस्तक उघडा, हे मुलांना सांगण्यासाठी अमेरिकेतल्या काही शहाण्या माणसांनी टीव्हीच निवडला, याचं मला अजून हसू येतं. पण त्यांचा हिशेब सरळ होता. उन्हाळ्याच्या लांबलचक सुट्टीत मुलं वाचन विसरतात आणि शाळेत परततात ती पार घसरून, अशी तिथल्या शिक्षकांची तक्रार होती. सुट्टीत मुलं सापडणार कुठे? टीव्हीपुढे. मग तिथेच गाठा त्यांना! नेब्रास्कातल्या ट्विला लिगेट या मूळच्या शिक्षिका. त्यांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी नेब्रास्का आणि बफेलो इथल्या सार्वजनिक वाहिन्यांना हाताशी धरून जुलै 1983 मध्ये 'रीडिंग रेनबो' सुरू केलं.

आम्ही नव्वदच्या दशकात न्यू जर्सीत राहायला गेलो, तोवर हा कार्यक्रम तिथल्या घराघरांत मुरला होता. मुलगी लहान, बाहेर बर्फ, आणि घरात मी व सासूबाई. सासूबाई दुष्काळी माण तालुक्यातल्या. इंग्रजीशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. तरी 'रीडिंग रेनबो' लागलं की त्या पोळ्यांचा गॅस बंद करून बाहेर येत आणि नातीशेजारी ठिय्या मारत.

आकर्षण अर्थात सूत्रधार लेव्हार बर्टनचं. हा नट 1977 च्या 'रूट्स' मालिकेत गुलाम म्हणून पकडून आणलेला कुंटा किंटे झाला होता आणि अख्ख्या देशाच्या डोळ्यांत पाणी आणून बसला होता. पुढे 1987 पासून 'स्टार ट्रेक'च्या नव्या मालिकेत तो अंध अभियंता झाला. तिथे त्याच्या डोळ्यांवर सोनेरी पट्टी. म्हणजे एका वाहिनीवर डोळे झाकलेले, आणि दुसऱ्या वाहिनीवर त्याच डोळ्यांच्या भांडवलावर सगळा कारभार. कारण मुलांशी बोलताना तो कॅमेऱ्याकडे असा बघायचा, की आमच्या घरात एकच माणूस बसलाय आणि त्याच्याचकडे याचं काम आहे. तो एकमेव माणूस आपण आहोत, याबद्दल नातीला शंका नव्हती. आजीलाही नव्हती. कधी त्याला मिशी असे, कधी दाढी, कधी कानात बाळी. "आज हजामत चांगली केलीय," असा शेरा स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा.

अर्ध्या तासाची मांडणी साधी होती. आधी एक पुस्तक वाचून दाखवायचं. वाचणारे आवाज मात्र एकेक नामी. त्यातली कपिती मैदानाच्या पावसाची गोष्ट माझ्या डोक्यात घट्ट बसली आहे. केनियातली मूळ लोककथा, व्हर्ना आर्डेमा यांनी मुलांसाठी लिहिलेली, आणि वाचलेली जेम्स अर्ल जोन्स यांनी. पुढे 'लायन किंग'मधला मुफासा बोलला तो याच गळ्यातून. पडद्यावर फारसं काही हलत नसे. पुस्तकातलंच चित्र, आणि त्यावरून कॅमेरा हळूहळू सरकतोय. वाळून गेलेलं पिवळं गवत, उपाशी गुरं, वर काळाभोर ढग, आणि बगळ्यासारखा एका पायावर उभा राहून कळप राखणारा की-पॅट. ढग आहे, पण पडत नाही.

सासूबाई पुढे सरकल्या. "आमच्याकडचंच दावत्यात की," त्या म्हणाल्या. "आभाळ येतंय आन् जातंय." मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर मला हातानंच गप्प केलं. की-पॅटनं गरुडाचं पीस लावलेला बाण सोडून ढग फोडला आणि पाऊस कोसळला, तेव्हा त्यांनी समाधानानं मान डोलावली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "गुरांचं काय झालं पण? चारा उगवायला वखत लागतो." हा प्रश्न मी अजून कुठल्याही समीक्षकाकडून ऐकलेला नाही.

पुस्तक संपलं की बर्टन त्याच विषयाचा धागा धरून भटकायला निघायचा. ज्वालामुखीची गोष्ट असेल तर थेट हवाई बेटांवर. एकदा तर त्यानं 'स्टार ट्रेक'च्या सेटवरच नेलं आणि अंतराळयानाची गुपितं फोडली. हा कार्यक्रम लुसलुशीत गोष्टींवरच जगत नव्हता, हेही सांगायला हवं. पहिल्याच भागातलं पुस्तक होतं बार्बरा शूक हेझन यांचं 'टाइट टाइम्स'. घरात पैशांची ओढाताण, त्यात बापाची नोकरी जाते, आणि पोराला हवाय कुत्रा. कुत्रा काही परवडत नाही. शेवटी एक भटकं मांजराचं पिल्लू मिळतं आणि पोरगं त्याचं नाव 'डॉग' ठेवतं! बालवाङ्मयात बापाची नोकरी जाऊ शकते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आमच्या लहानपणच्या गोष्टींत राजाचं राज्य जायचं. कारकुनाची नोकरी कधी गेली नाही.

आणि शेवटी यायची मुलं. खरीखुरी, दात पडलेली, शब्दांवर अडखळणारी. एकेक पुस्तक हातात धरून ती प्रेक्षकांना त्याबद्दल सांगायची. त्यांच्याकडे वळण्याआधी बर्टनचं एक ठरलेलं वाक्य असे: मी सांगतोय म्हणून मानू नका हं. मग मुलं गोष्ट रंगात आणायची, ऐन मोक्याला थांबायची, आणि पुढचं हवं असेल तर पुस्तक वाचा म्हणून मोकळी व्हायची. आमच्या मुलीचा जीव वर-खाली. सासूबाईंचं निदान तयार होतं: "कीर्तनकार हाय ह्यो. आख्यान भरात आलं की हा आरती लावतो."

आपल्याकडे नेमकं उलट चालतं. पुस्तक द्यायचं ते बक्षीस म्हणून नाहीतर शिक्षा म्हणून. वाचून झालं की 'काय शिकलास?' गोष्टीखाली तात्पर्य छापलेलं असतंच. ते पाठ म्हणून दाखवलं की मूल सुटलं. मी स्वतः या पद्धतीत वाढले आणि आई झाल्यावर तीच हिरिरीनं चालवली. बर्टन मात्र तात्पर्याच्या वाटेला जात नसे. त्याची आई इंग्रजीची शिक्षिका होती, त्यामुळे घरी तात्पर्याचा कोटा पुरा झाला असावा, असा माझा अंदाज.

कार्यक्रम बघून दुसऱ्या दिवशी आम्ही वाचनालयात गेलो, की आमच्या आधी कुणीतरी ते पुस्तक उचललेलं असायचं. कार्यक्रमाची इंद्रधनुष्याची खूण कित्येक पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर छापलेली असे आणि मुलगी तेवढीच बघून पुस्तक ओढायची.

असे 155 भाग झाले. नवे भाग 2006 मध्ये थांबले आणि 28 ऑगस्ट 2009 रोजी जुन्यांचं प्रक्षेपणही बंद पडलं. प्रक्षेपणाचे हक्क नव्यानं घ्यायला काही लाख डॉलर लागणार होते; ते द्यायला ना वाहिनी पुढे आली, ना सरकार. कारण गमतीदार होतं. मुलांना अक्षरं आणि उच्चार शिकवणाऱ्या कार्यक्रमांकडे आता सगळा पैसा वळला होता. कसं वाचायचं हे शिकवणारे हवे होते. वाचायचंच कशाला, हे सांगणाऱ्याला वाली नव्हता. कसं वाचायचं ते शिकवणाऱ्याची परीक्षा घेता येते ना! मूल आज इतके शब्द वाचतं, उद्या तितके. की-पॅटच्या गुरांची काळजी वाटली, याला कुठल्या रकान्यात मार्क देणार?

पाच वर्षांनी, 2014 मध्ये, बर्टननं 'रीडिंग रेनबो' हे आपल्या कंपनीचं ॲप सगळीकडे पोचवायला लोकांकडे इंटरनेटवरून वर्गणी मागितली. दहा लाख डॉलर हवे होते, ते एका दिवसाच्या आतच जमले. अखेरीस लाखाहून जास्त लोकांनी मिळून आकडा पन्नास लाखांच्या वर नेला. ही सगळी तीच दात पडलेली पिढी, आता नोकरीधंद्याला लागलेली. पुढे मात्र नावाच्या मालकीवरून बफेलोची वाहिनी आणि बर्टनची कंपनी कोर्टात गेली. त्या भांडणात त्याचं ते ठरलेलं वाक्यही ओढलं गेलं. 'मी सांगतोय म्हणून मानू नका' हे म्हणण्याचा हक्क कुणाचा, यावर वकिलांनी कागद रंगवले. मग तडजोड झाली आणि त्याला आपल्या ॲपचं नाव बदलावं लागलं.

2025 मध्ये कार्यक्रम पुन्हा आला, यूट्यूबवर. सूत्रधार आहे मायकल थ्रीट्स, पेशानं ग्रंथपाल, आणि पुस्तकांवर त्याचा जीव आहे हे दिसतं. मुलीनं नातवाला लावून दिलं. माणसाबद्दल माझी तक्रार नाही, जागेबद्दल आहे. पूर्वी अर्धा तास संपला की पुढे मोठ्या माणसांचं काहीतरी कंटाळवाणं लागायचं आणि मूल आपोआप उठायचं. पुस्तकाला जी काही संधी होती, ती त्या कंटाळ्यात होती. आता एक संपायच्या आत दुसऱ्याची उलटी मोजणी सुरू होते. तेवढ्या वेळात नातवानं उठायचं, कपाटापर्यंत जायचं, पुस्तक शोधायचं. मी तर रिमोट कुठल्या उशीखाली गेलाय तेवढंच शोधत असते.