घरून काम आणि उरलेला वेळ

घरून काम करण्याची पद्धत कोल्हापुरात रुजली ती मार्च 2020 च्या टाळेबंदीत. पुण्या-बेंगळुरूच्या कंपन्यांतले कोल्हापूरकर लॅपटॉपसह घरी परतले आणि कामाची वेळ लवचीक झाली. म्हणजे सुरुवात कधीही करता येते, शेवट कधीच होत नाही. घरच्यांच्या लेखी मात्र घरात बसलेला माणूस रिकामाच. मीटिंग चालू असताना दळण, गॅस सिलिंडर आणि वडिलांची रक्तदाबाची गोळी त्याच्याच वाट्याला येते.

राहिलेल्या वेळात अभ्यास करायचा असतो. त्यासाठी 1962 साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात दूरशिक्षणाची सोय आहे, नाशिकचे मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे. ‘उरलेला वेळ कुठून आणावा’ हा विषय दोन्हींकडे शिकवला जात नाही.

कोल्हापूरच्या पंचगंगा नदीचे वेळापत्रक आणखी वेगळे. राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोक्याची पातळी. जुलै 2021 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, शहराचे नळ कोरडे पडले. ऑफिसला जाणाऱ्याला अशा वेळी ‘रस्ता बंद आहे’ एवढे सांगून भागते. घरून काम करणाऱ्याला टँकरच्या रांगेतूनही लॉगिन करावे लागते.