डावीकडे!

हावडा स्टेशनात पाय ठेवला आणि आमचे साडू अण्णा म्हणाले, "आता सगळं माझ्यावर सोडा." तुमच्याही घरात असा एक असणारच, तेव्हा पुढचं सांगायला नकोच. तरी सांगतो.

१९८७ साली अण्णा कंपनीच्या ट्रेनिंगसाठी तीन महिने कलकत्त्यात होते. 'कोलकाता' हा शब्द ते उच्चारत नाहीत. नाव २००१ मध्ये बदललं, तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पिवळ्या टॅक्सीत ते पुढे बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "बायें." तो बिचारा तीस वर्षं याच शहरात गाडी चालवत होता. त्याने निमूट सरळ नेली.

हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात सामान टाकलं आणि चहाला निघालो. "कोपऱ्यावरून डावीकडे. फक्कड टपरी आहे." वळलो. टपरी नव्हती. "म्हणजे अजून डावीकडे." चार वेळा डावीकडे वळलं की माणूस निघाला तिथेच येतो, हे भूमितीत शिकलो होतो; त्या संध्याकाळी चालून पाहिलं. महाराष्ट्र निवासाच्या फाटकासमोर अण्णा थबकले. "ही इमारत ओळखीची वाटतेय," म्हणाले.

१९८७ मध्ये बंगालचं सरकारही डावं होतं, त्यामुळे दोष एकट्या अण्णांना देता येणार नाही. पण सरकार २०११ मध्ये बदललं. अण्णा नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार. व्हिक्टोरिया मेमोरियलचं संग्रहालय सोमवारी बंद असतं, असं माझ्या मुलीने फोनवर बघून सांगितलं. "फोनला काय कळतंय?" म्हणत अण्णा आम्हाला घेऊन गेलेच. कुलपाचं आणि फोनचं एकमत होतं. मग मोर्चा इंडियन म्युझियमकडे. इथले लोक त्याला जादूघर म्हणतात. तेही सोमवारी बंद. तिथली इजिप्तची ममी हुकली म्हणून मुलगी हिरमुसली. मी तिला म्हटलं, जाऊ दे, काळ थांबलेला माणूस बघायचा तर तो आपल्याबरोबर आहेच.

नदीवर विद्यासागर सेतू दिसला. "हा तेव्हा अर्धाच होता, म्हणून मी धरत नाही." १९९२ पासून त्यावरून गाड्या धावताहेत. अण्णांच्या लेखी त्या सगळ्या हुगळीतच पडत असाव्यात.

रात्री पाय शेकताना मेहुणी फुटली. "कसले तीन महिने? सतरा दिवस! 'आई आजारी, निघ' अशी तार यांनी स्वतःच घरून मागवून घेतली. सासूबाई ठणठणीत होत्या." आम्ही पोट धरधरून हसलो. अण्णांनी भिंतीकडे तोंड केलं. डावीकडच्या.

तिसऱ्या दिवशी मुलीच्या हट्टापायी नदीखालून जाणाऱ्या मेट्रोने हावड्याला गेलो. २०२४ मध्ये सुरू झालेली ही गाडी पाऊण मिनिटात हुगळी ओलांडते. नदी कधी आली नि गेली कळलंही नाही. अण्णा म्हणाले, "परत मात्र फेरीने." आणि काय सांगू, स्टेशनातून बाहेर पडून ते तरातरा घाटाकडे निघाले. एकदाही थांबले नाहीत, कुणाला विचारलं नाही. घाट होता तिथेच होता. तिकिटं काढली, आम्हाला कठड्याशी जागा धरून दिली.

होडी निघाली. सगळे पुढे हावडा ब्रिजचे फोटो काढत होते. अण्णा एकटेच मागे तोंड करून उभे होते, स्टेशनाच्या लाल इमारतीकडे बघत.

"काय अण्णा, तेव्हा असंच होतं?"

"रोज संध्याकाळी यायचो ना. सुटलो की फेरी, फेरीवरून स्टेशन. नागपूरकडे जाणारी मेल सुटेपर्यंत फलाटावर उभा राहायचो. मग शेवटच्या फेरीने परत." थोड्या वेळाने म्हणाले, "गाव बघायचं राहूनच गेलं."

बावीस वर्षांचा, आई सोडून कधी कुठे न राहिलेला पोरगा. सतरा दिवस, सतरा गाड्या. कालचं ते हसणं मला जरा घशात टोचलं.

होडी पलीकडे लागली. अण्णांनी नाक शिंकरलं, विजार सावरली आणि म्हणाले, "चला. इथून डावीकडे."

मुलीने फोन काढला. मी तिच्याकडे बघून मान हलवली. तिने तो परत खिशात टाकला आणि आम्ही सगळे डावीकडे वळलो.

टॅक्स्या उजवीकडे होत्या.